काचेतली मासोळी

करडी, ता. मोहाडी
१५ जानेवारी २०२५

लाडाची माझी रक्षा,

तुले पोटभर आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, माझे गुडघे सोडून. ते माझं ऐकत नाहीत, म्हणून त्यायले घरच्यात धरलं नाही. काल संक्रांत झाली. तुझ्या वाटचे तिळाचे लाडू डब्यात ठेवले आहेत. आहेत का म्हणून तुझा भाऊ अमर घडीघडी डबा उघडून पाहते, आणि दर खेपेले एक कमी होते.

फोन असताना पत्र कायले, म्हणशील. ते पुढं कळंल. मले अक्षर येत नाही. तुझ्या बापाचं लिहिलेलं त्यालेच वाचता येत नाही आणि अमर मोबाइलातून डोकं काढत नाही. उरली तुझी आई. ती माझ्यासमोर बसून लिहून राहिली आहे. तोंड फुगलेलं आहे, पण अक्षर चांगलं आहे. (हे पण लिही, रिता. सांगते तसंच लिही.)

गेल्या आठवड्यात तू मले तुझं म्युझियम दाखवलं, तेव्हापासून गावात माझा भाव वाढला. बाया विचारतात, नागपूरले काय पाहिलं? मी म्हणते, दगड. म्हणतात, म्हातारी चळली.

पण पोरी, फाटकातच मी चपला काढल्या. आत एवढे दगड ओळीनं मांडलेले, एकेकावर दिवा, लोक हळू हळू बोलत फिरून राहिलेले; मले तं देऊळच वाटलं. आपण ढिवर लोक. तलावाच्या पाळीवरच्या दगडाले कुंकू लावल्याशिवाय आपलं जाळं पाण्यात पडत नाही. मंग तिथं चपला घालून कशी जाऊ? माझं पाहून मागच्या दोन शहरी बायांनीही काढल्या. एक मले विचारते, "आजी, प्रसाद कुठं मिळतो?" मी म्हटलं, "आतली पुजारीण माझी नात आहे, तिले विचार."

मंग ते राक्षसासारख्या जनावराचं अंडं. दगड झालेलं. मी कनवटीचं कुंकू काढलं, बोट टेकवणार तेवढ्यात तू धावत आली.

"आजी, हात नको लावू! अंडं आहे ते."

"मंग उबवून कोण राहिलं?"

लोक हसले. मले वाटलं, आता तू मले कोपऱ्यात नेऊन बसवशील. तू माझं कुंकवाचं बोट धरलं आणि आपल्याच कपाळाले लावून घेतलं. म्हणाली, "ही माझी आजी. करडीची." सगळ्यांसमोर.

आणि ती काचेतली मासोळी! सवयीनं माझा हात गेला कल्ला उचलून पाहाले, ताजी आहे का म्हणून. बोटं काचेवर आपटली. "किती दिवसांची?" तं तू म्हणाली, "कोट्यवधी वर्षांची." एवढी शिळी मासोळी कोणी मांडून बसते का, बाई? मी छाती ठोकून सांगितलं, मरळ आहे. तू म्हणाली, नाही आजी, ही जातच आता नाही. जन्म मासोळीत गेला आणि तिथं मी नापास झाली.

इथपर्यंत तुझ्या आईनं गालातल्या गालात हसत लिहिलं. आता पुढचं.

मी परत आली त्याच दिवशी तिनं विचारलं, "पोरगी वाळली का?" मी म्हटलं, नाही. "अजून काय म्हणे?" मी म्हटलं, गुडघे दुखतात, उद्या सांगते. तेव्हापासून माझं उद्याच चालू आहे.

पोळ्यानंतर तू नोकरीवर रुजू होणार होती, त्या सकाळी तुझी आई मासोळीचं टोपलं घरी ठेवून, नवीन साडी नेसून, तुले पोहोचवायले निघाली होती. तू म्हणाली, "आई, तू नको येऊ." तुले काय म्हणायचं होतं ते तू जाण. तिले ऐकू आलं ते असं, की अंगाले मासोळीचा वास येणारी माय साहेब लोकांसमोर नको. तेव्हापासून तुझा फोन आला की ती माझ्या हाती देते आणि बाहेर जाऊन भांडे घासते. घासून घासून दुधाच्या गंजाचं बूड पातळ झालं.

लिही, रिता. पेन खाली ठेवू नको.

त्या मासोळीपुढं एका साहेबानं तुले विचारलं, "मॅडम, हे सगळं कुठं शिकलात?" मी खांबामागं स्टुलावर बसली होती. मी ऐकून राहिली हे तुले माहीत नव्हतं. तू म्हणाली, "माझी आई मासे विकते. मोहाडीच्या बाजारात तिच्या टोपल्याजवळ बसून मी मासे पाहायला शिकली. पोहायचे पर कुठं, खवलं कसं, सगळं. कॉलेज त्याच्यानंतर." आणि आवाज खाली नाही केला. मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि माझे कान गुडघ्यांसारखे नाहीत.

हे तोंडी सांगितलं असतं तं तुझ्या आईनं "हो का" म्हणून चूल फुंकली असती. म्हणून तिच्याच हातानं लिहून घेतलं. आता खोटं कसं म्हणंल? अक्षर तिचं आहे.

पदर डोळ्याले लावून राहिली. म्हणते, धूर झाला. चूल तं कधीचीच विझली आहे.

दगड दाखवले त्याचे उपकार, पोरी. माझी आजी म्हटलं त्याचे जास्त. आणि मी नाही असं समजून जे बोलली, त्याचे उपकार कसे मानायचे ते मले कोणी शिकवलं नाही.

माझा अंगठा लावते. दुसऱ्याचं पत्र लिहिणाऱ्यानं शेवटी आपलाही रामराम घालावा, अशी आपल्याकडं रीत आहे. तेवढी जागा सोडली. तिथं ती काय लिहिते, मले वाचता येणार नाही. मी विचारणारही नाही. विचारीन, पण तिनं सांगू नये.

तुझी आजी,
जिजा (निशाणी अंगठा)

लिहिणारीचा रामराम.
येत्या बाजाराले मी टोपलं लावत नाही. वरठी स्टेशनावरून सकाळच्या गाडीनं नागपूरले येते. एकटीच.
नको म्हणू नको.
आई