संगमरवरी बाईला सोलापुरी चादर

सोलापूर,
गुरुवार

श्री. बसवेशराव यांस कल्लप्पाचे शरणु शरणार्थ.

(आजवर तुम्हाला नुसतं ‘बसू’ म्हणत आलो, धाकटा मेव्हणा म्हणून एक-दोनदा कानही पिळला. सध्याची परिस्थिती पाहता ‘राव’ लावलेलं बरं. हुरळून जाऊ नये.) तुमचा गुडघा कसा आहे? छोट्या महेश्वरीचा खोकला थांबला का? तुरीला फुलं धरली असतील. इकडे सर्व क्षेम आहे. घरात मी एकटाच असल्यामुळे ‘सर्व’ म्हणजे मीच, आणि मी ठीक आहे. दूध रोज उतू जातं, पण त्यात माझा दोष नाही, ते गॅसवर ठेवलं की तसं करतं. तुमची अक्का गंगम्मा हैदराबादहून परस्पर तुमच्याकडे वळसंगला गेली ती तिथेच आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या घरी फोन लावला की नेमकी तीच उचलते आणि ‘कोन बोलतंय? मी वळखत न्हाय’ म्हणून ठेवून देते. म्हणून हे पत्र. तिच्या तोंडून तुम्ही एक बाजू ऐकली असेल. दुसरीही असावी, एवढाच हेतू. रागलोभ काही नाही.

भांड्यांचं दुकान पुतण्या शिवकुमारच्या हाती दिल्यापासून मी जग समजून घेण्याच्या मागे लागलो. उभा जन्म कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या विकण्यात गेला, जगात याखेरीज काही असेल तर बघून घ्यावं, म्हणून आम्ही विश्वदर्शन मंडळ काढलं. दर रविवारी आमच्या गच्चीवर एक देश. आधी त्या देशावरचं पुस्तक, मग भिंतीवर तिथली चित्रं, मग तिथलं संगीत आणि शेवटी गंगम्माच्या हातची शेंगापोळी (ही सर्व देशांना समान). असा आम्ही निम्मा युरोप आणि सबंध जपान उरकला. गंगम्मा जिन्याच्या तोंडाशी गवार निवडत ऐकायची. फ्रान्समधल्या राजवाड्यावर मी तासभर बोललो, तेव्हा तिने एकच शंका काढली, की एवढ्या खोल्यांची झाडलोट कोण करत असेल? माझ्या पुस्तकात ते नव्हतं. त्या दिवशी पुढची सगळी चर्चा झाडलोटीवर झाली आणि राजा बाजूलाच राहिला. मी तेव्हाही काही बोललो नाही, हे तुम्ही लक्षात घ्यावं.

पुस्तकं खूप झाली, आता प्रत्यक्ष पाहू, असं ठरून मंडळ हैदराबादला निघालं. तिथे कुणा नवाबाच्या जुन्या हवेलीत एक संग्रहालय आहे. आपल्याकडच्या दगडी मूर्तींपासून विलायती पुतळ्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. निघण्यापूर्वी मी सर्वांना कला कशी बघावी ते समजावलं. चार पावलं मागे राहावं, हात पाठीशी बांधावेत, मान किंचित तिरकी करावी आणि लगेच काही बोलू नये. (मी हे आरशासमोर करून पाहिलं आहे. चांगलं दिसतं.) काही शंका, असं विचारल्यावर गंगम्मा म्हणाली, ‘आन् डबा कुटं खायचा?’ तिच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, विभूतीची डबी आणि मोराची सोलापुरी चादर होती. एवढ्या उकाड्यात हैदराबादला चादर कशाला, असं मी म्हणून पाहिलं. चादरीविना ही बाई शेजारच्या गल्लीतही जात नाही.

दुसऱ्या दालनात शिरताच बसवण्णा. काळ्या दगडाचा नंदी, गळ्यात घुंगुरमाळ, ऐसपैस बसलेला. पाटीवर लिहिलं होतं की हा भीमाकाठचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. मी चार पावलं मागे सरलो, मान तिरकी केली आणि मंडळाला शैलीबद्दल सांगणार, तोच गंगम्मा चपला काढून दोरी ओलांडून पलीकडे. आता आपल्या लोकांत बसवण्णाला लांबून कोण बघतं? तिने त्याच्या कपाळाला विभूती लावली, पाठीवरून हात फिरवला, कन्नडमध्ये ख्यालीखुशाली विचारली (त्याला मराठी येत नाही असा तिचा समज आहे), आणि रीतीप्रमाणे शिंगांवर बोटं ठेवून, वाकून, मधून पाहिलं. मधून महादेव दिसायचा असतो. तिथे समोर विलायतेतली एक संगमरवरी बाई उभी होती. स्नानाला निघालेली, असं पाटीचं म्हणणं. निघताना तिने काहीच बरोबर घेतलं नव्हतं, अंगावरही नाही.

गंगम्मा बराच वेळ वाकूनच राहिली. मग ताठ होऊन म्हणाली, ‘अय्यो शिवने! आमच्या बसवण्णाला इतकी वर्सं हेच बघाय लावलंय की!’ तिने रखवालदाराला बसवण्णाचं तोंड फिरवायला सांगितलं. तो म्हणाला, क्रेन लागेल. मग समोर एखादी पिंड तरी आणून ठेवा, म्हणाली. तेही त्याच्या हातात नव्हतं. मग तिने पिशवीतून चादर काढली आणि त्या बाईला अंगभर गुंडाळून वर पदर काढून दिला. ‘पोर गारठली आसंल, हितं एसी लई हाय.’ (कलादृष्ट्या सांगायचं तर मोर त्या बाईला शोभून दिसत होते.) तेवढ्यात एका तेलुगू कुटुंबाने चपला काढल्या, कुणी वेणीतलं फूल बसवण्णासमोर ठेवलं, आणि बघता बघता रांग लागली. आमच्या मंडळातले हिंदुराव एसटीतून निवृत्त झालेत, पण स्वभावाने अजून कंडक्टर. ते ‘पुढं सरका, पुढं जागा हाय’ करून रांग लावू लागले.

रखवालदाराने शिट्टी फुंकली आणि ही अम्मा कुणाबरोबर आली आहे, असं एकेकाला विचारत निघाला. मी तेव्हा एका चिनी बरणीसमोर उभा होतो, चार पावलं मागे, मान तिरकी. मला विचारलं. मी म्हणालो, ‘मालूम नहीं.’ बसवेशराव, दोनच शब्द. त्यांचा किती अर्थ काढायचा, यालाही काही मर्यादा असावी. माझं चित्त बरणीत होतं. शिवाय प्रश्न हिंदीत होता. पण तुमच्या अक्काचे कान तिखट. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, राग मला ओळखता येतो. मग तिने स्वतःच चादर उतरवली, घडी घातली, चपला घातल्या आणि रखवालदाराला सांगितलं, ‘एकटीच आलेय मी, बाबा.’ मी बरणीची पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. परतीच्या गाडीत ती हिंदुरावांच्या डब्यात बसली आणि सोलापूरला उतरल्यावर थेट वळसंगच्या एसटीत.

गेल्या रविवारी मंडळात ग्रीस ठेवला होता. मी देवळांच्या खांबांवर बोलत असताना हिंदुरावांनी हात वर केला आणि वहिनी कधी येणार, असं विचारलं. तुमच्या बोलण्यानं झोप येते, वहिनींसंगं बघायला मजा आली, असंही म्हणाले. (पोळी नव्हती, म्हणूनही असेल.) बाकीच्यांनी माना डोलावल्या. ग्रीस तिथेच राहिला.

तर वस्तुस्थिती ही अशी. माझी कसलीही विनंती नाही. तिला वाटेल तेव्हा तिने यावं. महेश्वरीला आशीर्वाद.

आपला,
कल्लप्पा

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नये. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून आपलं आपणच वाचावं, मात्र जरा मोठ्याने. बरणीचा भाग गाळावा.

आणखी ता. क. वर लिहायचं राहिलं. परवा मी एकटाच हैदराबादला जाऊन आलो. मंडळाला ठाऊक नाही. तिकीट काढून सरळ त्या रखवालदारासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, ती अम्मा माझी बायको आहे. तो म्हणाला, ‘वो तो उसीच दिन मालूम पड़ा, चाचा. अम्मा नहीं आए?’  मग दोरी ओलांडून बसवण्णाच्या शिंगांमधून पाहिलं, जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. ती पोर खरंच गारठलेली दिसते. शिट्टी झाल्यावर बाहेर आलो. बरणीचा भाग गाळला नाही तरी चालेल.

शेवटचं. बसू, शनिवारी सकाळच्या गाडीने मी वळसंगला येतोय. एकटा परत जायचं नाही, असं ठरवूनच निघणार आहे, तेव्हा माझं अंथरूण घालून ठेव. किती दिवसांसाठी, ते तिला विचार.