खिडकीकडची खाट

तारीख नऊ, सोमवार, दुपार

तीर्थरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. तुमची खुशाली विचारत नाही, ती मला कळली आहे. कशी कळली ते पुढे येईल, दम धरा. माझं लिहिणं हळू आहे, दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण हे पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार नाही. गोडी जाईल.

आधी माझ्या फुलांचं ऐका. दारासमोर माझी सहा पिंपं आहेत. पाण्याची जुनी पिंपं वेल्डरकडून अर्धी कापून घेतली, बुडाला भोकं पाडली, खाली विटा लावल्या. ह्या झाडाला कुंडी पुरत नाही, पाय पसरायला ऐसपैस लागतं, आमच्या ह्यांच्यासारखं. आणि माती भरून पाणी घातलं की चार बाप्ये आले तरी पिंप जागचं हलत नाही. नर्सरीवाला झाडाला हायड्रेंजिया म्हणतो. माझी जीभ अडकते, मी गेंद म्हणते. यंदा एकेक गेंद माझ्या सुनेच्या डोक्याएवढा! सून म्हणाली, "आई, मापायला दुसरं काही मिळालं नाही का?" मी म्हटलं, "अगं, अंबाड्यासकट म्हणतेय, रागावू नकोस."

रस्त्याने जाणारी माणसं थांबतात. "आजी, कुठून आणली हो झाडं?" मी लगेच सांगते, "आमच्या थोरल्या जाऊबाईंनी दिली." "किती मोठ्या मनाच्या!" म्हणतात. "फार," म्हणते मी, आणि घरात येऊन पोट धरून हसते.

खोटं नाही ना बोलले? वाटण्या झाल्या, पुढचं अंगण तुमच्याकडे गेलं. मी एवढंच मागितलं होतं की ते एक झाड मुळासकट काढून द्या. तुम्ही कोयता आणलात, बुंध्यापासून छाटलंत आणि फांद्या माझ्या टेम्पोत भिरकावल्यात. "घे तुझं झाड. नाहीतर म्हणशील, काही दिलं नाही." टेम्पोवाला बिचारा मान खाली घालून बसला होता. त्याच फांद्यांच्या कांड्या करून मी डब्यांत खोचल्या. बऱ्याच सुकल्या, सहा जगल्या. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते आहे. नीट वाचा. पुन्हा वाचलंत तरी चालेल.

आता तुमची खुशाली. परवा आपला वायरमन आला होता, तुमच्याकडे आणि माझ्याकडे दोन्हीकडे येणारा. एक बल्ब बदलतो आणि गावभरच्या बातम्या देतो. म्हणाला, "थोरल्या आजींचं घर त्यांच्या मुलाने विकलं. आजींना कुठल्याशा आश्रमात ठेवणार, चौकशी चालू आहे." मी त्याला आणखी एक कप चहा दिला. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. एवढं भांडून घेतलेलं अंगण, आता त्यावर फरशी पडणार आणि परक्यांच्या गाड्या उभ्या राहणार! जेवताना भाजी दोनदा वाढून घेतली.

माझी नात नर्स झाली आहे. दवाखान्यात लोकांना टोचते आणि घरी आली की मला. म्हणते, "आजी, एका झाडावरून इतका राग?" तिला मी कधी सांगितलं नाही. सुनेलाही नाही. तुम्हाला सांगायची गरजच नाही असं धरून चालले होते, पण कोण जाणे, विसरला असाल.

आमची पहिली मुलगी गेली तेव्हा ते झाड लावलं. नाव ठेवायच्या आधीच गेली. मला वाकवत नव्हतं, म्हणून खड्डा तुम्ही खणलात. रोप तुम्ही धरलंत, मी माती लोटली. तुम्ही म्हणालात, "रड गं, इथे कुणी बघत नाही."

आणि कोयताही तुम्हीच चालवलात. दुसऱ्या कुणी चालवला असता तर मी एव्हाना विसरले असते.

तर माझा सूड असा आहे. तुम्ही इथे राहायला यायचं. पुढच्या खोलीत तुमची खाट लावली आहे, अगदी खिडकीला चिकटून. डोळे उघडले की समोर गेंद. कूस बदललीत तरी गेंद, त्या बाजूला मी आरसा टांगला आहे. पाणी तुम्ही घालायचं. उन्हाळ्यात पिंपातली माती रोज सुकते, तेव्हा गुडघे दुखतात वगैरे चालणार नाही. दुपारी पानं मान टाकतात, घाबरून ओरडू नका, संध्याकाळी आपली आपण उठतात. कात्री, विळी, कोयता सगळं कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तुमच्याकडे बोट दाखवून सांगणार, "ह्याच त्या, झाडं देणाऱ्या." तुम्ही हसून मान डोलवायची. चूं करायचं नाही.

नात म्हणाली, "आजी, ह्याला सूड नाही म्हणत, ह्याला माफी म्हणतात." एवढी शिकली, पण तिला काय कळतंय! तुम्ही तरी तसा समज करून घेऊ नका. माफ केलेल्या माणसाला आपण सोडून देतो, मग तो त्याच्या वाटेने कुठेही जावो, आश्रमात जावो नाहीतर आणखी कुठे. मी तुम्हाला सोडणार नाही.

रविवारी सकाळी टेम्पो येईल. मुलाला विचारत बसू नका, त्याने तुम्हाला विचारलं होतं का? भांडीकुंडी आणायची नाहीत, मला अडचण नको. चष्मा आणि औषधं तेवढी आठवणीने घ्या. तिच्या झाडाला पाणी घालायचं तुमचं फार राहून गेलं आहे.

काहीएक न विसरलेली,
तुमची धाकटी