खोडलेला प्रश्न

भाद्रपद वद्य एकादशी, अकोले

आज सहामाहीचा इंग्रजीचा पेपर ठरला. बारावीला कादंबरी आहे. निबंधासाठी यंदा मी स्वतःचा प्रश्न घातला होता: या कादंबरीतल्या कोणाला तुम्ही माफ करणार नाही, आणि का? गाईडमध्ये याचं उत्तर सापडत नाही, म्हणूनच घातला. पोरांनी पुस्तक वाचावं म्हणून वर्गात आधीच सांगूनही ठेवला होता.

प्राचार्य वाचून हसले. "सर, पोरं पास करायचीत का कीर्तनकार करायचेत? गाईडातलं स्वभावचित्रण टाका. निकाल पडला तर संस्थेपुढे तुम्ही उभं राहणार का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पेन काढलं आणि प्रश्न खोडला. इतकं सोपं होतं ते?

बाहेर मनीषा थांबली होती. अख्खी कादंबरी वाचलेली वर्गात ती एकटीच, तीही घाटातल्या जीपमध्ये बसून.

"सर, माझं ठरलं. कादंबरीतल्या त्या पोरीच्या बापाला न्हाई माफ करायची मी. त्याला सगळं कळत हुतं, तरी गप बसला."

मी "बरं" म्हणालो. प्रश्न खोडल्याचं तिला सांगितलंच नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. मागायला काही सुचेना. सगळं कळत होतं, तरी गप बसला.

उत्तर मनीषाने बरोबर काढलंय. ते लिहायला पेपरात मी जागा ठेवली नाही.