चौथ्या ओळीच्या पूर्ततेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
विशेष अळंबी विकास कक्ष, अकोला.

विषय : मौजे हिवरगोटा, ता. पातूर येथील ई-वर्ग जमिनीवरची वारुळे न पाडता नियोजित अळंबी संशोधन केंद्र रस्त्याच्या पलीकडे बांधणेबाबत. तसेच ओवीतील त्रुटीची पूर्तता करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, 'ओवी अपूर्ण असलेबाबत'.
२) वारुळांना बजावलेली नोटीस (मूळ प्रत उपलब्ध नाही, कारण खाली परिच्छेद ५ मध्ये).

अर्जदार : कहकशाँ कुर्बान खान, संशोधन सहायक (मानधनावर), रा. पातूर.

महोदय,

१. "नईमाभाबी, आनलं वो!" ही हाक अर्जदाराने पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्जदार फ्रॉकमध्ये होती आणि पातूरच्या गल्लीत चिखल होता. हाक देणारी पार्बताबाई, हिवरगोट्याची माळीण. एरवी ती वांगी, संभार, मिरच्या अशी नावे घेत घेत येई. पण वर्षातून एकदा, मघाच्या पावसात, टोपलीवर पळसाची पाने झाकून येई आणि नुसतेच "आनलं वो" म्हणे. काय आणले, ते नाव नाही. अर्जदाराची आई नईमा तेवढ्यावरून चुलीवर पातेले चढवी. अर्जदाराने एकदा पाने उचलून आतल्या पांढऱ्याशुभ्र छत्र्यांकडे बोट केले, तर पार्बताबाईने ते बोट हळूच मुठीत धरले. म्हणाली, "बोट नोको दाखवू, माय. सडते ते." कुठून आणले विचारले, तर म्हणाली, "आभायातून पडलं." अर्जदाराने पुढे अमरावतीला राहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, ती बरीचशी हे उत्तर तपासून पाहण्यासाठीच.

२. सदर छत्र्यांना आपल्या भागात टेकोडे म्हणतात. ते पेरून येत नाहीत. वारुळाच्या पोटात वाळवी पाला चावून मऊ गादी करते, तिच्यावर बुरशीची बाग लावते आणि आभाळ गडगडले की त्या बागेचे टेकोडे जमीन फोडून वर येतात. सगळ्याच वारुळांवर येत नाहीत. ज्यांच्यावर येतात, त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या येतात. हिवरगोट्याच्या बायका त्यांचा रस्सा बाळंतिणीला देतात. अर्जदाराच्या जन्मानंतर नईमाबींनाही तो पार्बताबाईनेच पाजला होता. त्या रश्श्यात खरोखर काही गुण आहे काय, हे पाहण्याचे काम कक्षाने अर्जदाराकडे दिले. अमरावतीच्या प्रयोगशाळेत पहिल्या चाचण्या बऱ्या आल्या. पुढे भारनियमन आले. थंड पेटी गरम झाली. तीत बुरशी जोमाने वाढली, परंतु ती नको ती वाढली. सबब, आजमितीस या नमुन्याची जिवंत प्रत फक्त जमिनीखाली आहे.

३. ती नेमकी कोणत्या जमिनीखाली, हेच कोणी सांगत नव्हते. हिवरगोट्यात टेकोड्यांची जागा सांगत नाहीत. बोट दाखवत नाहीत तशीच. पुरुषांना तर ठाऊकच नाही. बायकांकडे एक ओवी आहे, सासूकडून सुनेला आलेली. तीन ओळी मोठ्याने म्हणतात. चौथी आली की ओठ मिटून नुसता हुंकार देतात, जाते मात्र फिरत राहते. जागा त्या हुंकारात आहे. अर्जदाराने पार्बताबाईच्या उंबऱ्याशी बसून तीन ओळी लिहून घेतल्या, चौथीच्या जागी 'हं हं हं' असे प्रामाणिकपणे लिहिले आणि अहवाल सादर केला. त्यावर संदर्भ १ चे पत्र आले : ओवीची चौथी ओळ अस्पष्ट आहे, ती स्पष्ट करून, गायिकेच्या सहीनिशी, तीन प्रतींत सादर करावी, ओवीवर तारीख नसल्याचा खुलासाही करावा. अर्जदाराने पार्बताबाईंना ओवीची तारीख विचारली. त्या म्हणाल्या, "लिही, मंगळवार."

४. मधल्या काळात टेकोडे नेमके कोणत्या खात्याचे, असा प्रश्न निघाला. शेती विभागाने कळवले की जे पेरले नाही ते पीक नव्हे. वन विभागाने कळवले की जमीन वनाची नाही, म्हणून हे वनोपज नव्हे. कोणीतरी टिपणी मारली की याला मटणाचा मसाला लागतो आणि काही घरांत हे श्रावणात चालत नाही. तेव्हा संचिका पशुसंवर्धनाकडे गेली. तिकडून विचारणा आली की सदर टेकोड्यांचे लसीकरण झाले आहे काय. आरोग्य विभागाने एकच ओळ लिहिली : औषधी असल्यास कडू आहे काय? अर्जदाराने चव गोडसर असल्याचे नम्रपणे कळवले. त्यावर संचिका 'औषधी नसावे' या शेऱ्यासह परत आली.

५. पुढे विदर्भासाठी सरकारी पॅकेज आले. शेतीला जोडधंदा म्हणून गाई आल्या, शेळ्या आल्या, शेवटी अळंबी आली; आणि अळंबी शिकवायला केंद्र पाहिजे, केंद्राला जागा पाहिजे. समितीने हिवरगोट्याची ई-वर्ग जमीन, म्हणजे सरकारी गायरान, पसंत केली. तिच्या नकाशावर 'एक वठलेला निंब व मातीचे निरुपयोगी ढिगारे, हटविणे' असे लिहिले आहे. ते ढिगारे म्हणजे वारुळे, हे अर्जदाराने लेखी कळवले. मग वारुळे ही सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण ठरली आणि त्यांना रीतसर नोटीस काढण्यात आली. गावचा कोतवाल शालिकराम याने ती सर्वात उंच वारुळाला खळ लावून चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर कागद नाही. वाळवीने शिक्क्यासकट खाल्लेला. पंचनाम्यात नोंद झाली : नोटीस समोरच्या पक्षाने पूर्णपणे स्वीकारली, हरकत नाही. शालिकराम अर्जदारास म्हणाला, "मॅडम, माही सारी नोकरी नोटिशी वाटन्यात गेली, पन इतक्या मनापासून कोनीच घेतली नोयती!"

६. टेकोडे याच वारुळांवर येत असावेत, अशा अंदाजाने अर्जदाराने हरकत घेतली. आपण स्वतः वैशाखाच्या उन्हात जागेवर आलात, रुमालाने मान पुसलीत आणि म्हणालात, "मॅडम, कुठे आहे तुमची अळंबी?" अर्जदार म्हणाली की ती मघात येते. आपण म्हणालात, "म्हणजे सध्या नाही. तसा दाखला द्या." अर्जदाराने तो दिला नाही. नंतर पत्र आले की उन्हाळ्यात अळंबी हजर का नव्हती याचा खुलासा करावा. याच वारुळांवर ती येते याला गावातील एकाही व्यक्तीचा जबाब नाही, सबब हरकत फेटाळण्यात येते. केंद्राची इमारत छत्रीच्या आकाराची होणार आहे. तिची थर्माकोलची प्रतिकृती आपल्या टेबलावर आहे. अर्जदाराने पाहिली, फार सुबक आहे. ज्या मातीतून खरी छत्री येते ती खणून तिच्यावर सिमेंटची छत्री उभारायची, याला शास्त्रात काय म्हणतात हे अर्जदारास ठाऊक नाही. हिवरगोट्यात काय म्हणतात ते ठाऊक आहे, परंतु ते शासकीय पत्रव्यवहारात बसत नाही.

७. काल संध्याकाळी अर्जदार पार्बताबाईच्या अंगणात होती. पार्बताबाई अंबाडी निवडत होत्या. शालिकराम सायकल टाकूनच आत आला : "जेसीबी आलं, पार्बतामाय. निंबापाशी उभं करून ड्रायव्हर चा प्याले गेला. सकाळी लावतो म्हनते."

पार्बताबाईंनी अंबाडीची काडी मोडली. अर्जदाराकडे न पाहता म्हणाल्या, "तू त्याच सायबाची नं? पगार त्याचा अन् रडनं माह्याजवळ?"

अर्जदाराने समोरची एक जुडी निवडायला घेतली.

"खंदून काढलं त पुन्यांदा येत नाई का वं ते?" त्यांनी विचारले.

"वारूळच गेलं तर नाही येत, खाला." हे अर्जदार शास्त्राने सांगत होती, पण आवाज शास्त्राचा नव्हता.

"माह्या सासूनं मले सांगतलं, तिच्या सासूनं तिले," पार्बताबाई बोलू लागल्या. "ओवीची चौथी ओय मुकी कावून ठेवली, ठावं हाये? ज्या साली घरात दानाच नोयता, त्या साली बायकाइनं याच्यावर लेकरं जगवली. गड्याइले समजलं असतं त टोपल्या भरून बाजारात नेलं असतं, वारूयबी खंदून ठेवलं असतं. म्हून तोंड मिटलं आमी. आता माही सून अमरावतीले राह्यते, पाकिटातलं पीठ आनते. मी गेली का हे ओय बी गेली." मग जरा हसल्या. "अन् आता बाजार नाई, सरकारच खंदाले आलं. तोंड मिटून काय करू, पोरी?"

अंगणात जाते पालथे पडले होते. पार्बताबाई त्याच्यापाशी सरकल्या, त्याच्यावर हात ठेवला आणि हात गोल फिरू लागला. दगड काही फिरला नाही. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरी आली. शालिकराम घाईघाईने म्हणाला, "थांब माय, मी सरकारी मानूस हाओ," आणि दोन्ही कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग पार्बताबाईंनी ओठ न मिटता चौथी ओळ म्हटली. मोठ्याने नव्हे, लेकराला झोपेत पांघरूण घालावे तशी.

म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दे लिहून सायबाले. पन त्याले सांगजो, मनातल्या मनात वाच म्हना."

सबब, अर्जदाराची विनंती अशी की,

(अ) पार्बताबाईंची ओळ हाच गावातील व्यक्तीचा जबाब समजून आज सकाळीच जेसीबी थांबविण्याचा आदेश व्हावा. केंद्र रस्त्याच्या पलीकडे व्हावे. ती जमीनही तितकीच निरुपयोगी आहे, अर्जदाराने खात्री केली आहे.

(ब) सोबतची ओळ आवक-जावक टेबलावर मोठ्याने वाचली जाऊ नये व वाचताना तिच्यावर बोट ठेवण्यात येऊ नये.

(क) वारुळे वाचल्यास सदर ओळ संचिकेतून खोडून तिच्या जागी पूर्ववत 'हं हं हं' असे लिहिण्यात यावे. न वाचल्यास ओळ तशीच राहू द्यावी. मग ती जपण्याचे कारण उरणार नाही.

मघा लागेल तेव्हा आपण एकदा हिवरगोट्यास यावे, नईमाबी पातेले चढवतील.

उत्तराची निंबाखाली उभी राहून वाट पाहणारी,

कहकशाँ कुर्बान खान
हिवरगोटा, मृगाचा दुसरा दिवस, सन २००८

सोबत : ओवी, पूर्ण. एकच प्रत. गायिका पार्बताबाई, रा. हिवरगोटा, यांच्या अंगठ्यासह. वार मंगळवार.

गरजलं आभाय, मघा आली न्हाया,
धरतीच्या लेकी निंगाल्या मायेरी जाया.
दोन रोज राह्यतीन, इचारू नोको वाट,
बोडक्या निंबाखाली वारूय मांडे पाट.