गुंदवलीचे घर आणि वजन उचलण्याचे पदक

मी, विद्याधर सदाशिव कारेकर, वय सदुसष्ट, राहणार गुंदवली, अंधेरी, पूर्वी विमा कंपनीत हेडक्लार्क व अद्यापि पंच, हे मृत्युपत्र सकाळचा चहा झाल्यावर, डोके ठिकाणावर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगी नलिनी "अण्णा, पुरे करा हो" असे मघाशी म्हणाली, ते दडपण धरू नये.

१. सन १९५१ साली मी दिल्लीस पहिले आशियाई खेळ पाहिले. गेलेला माणूस परत आलाच नाही, असे माझी कैलासवासी पत्नी सुहासिनी म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात काम, भांडण आणि कौतुक आंतरराष्ट्रीय नियमांनी चालले. पहिल्याला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य, तिसऱ्याला कांस्य. पदके मी बिस्किटांच्या डब्यांच्या पत्र्यातून कापली. क्रमवारी लावताना आधी सुवर्णे पाहायची. ज्याच्याकडे एक सुवर्ण आहे, तो ढीगभर रौप्यवाल्याच्या वर. सुवर्णे सारखी झाली तरच रौप्ये मोजायची.

२. आता घर. दोन खोल्या, पडवी, अंगण आणि शेवग्याचे झाड, सर्व माझे स्वकष्टार्जित. आमच्या पश्चात हे घर पदकतक्त्यात जो वर असेल त्याचे, असे मी सर्वांसमक्ष जाहीर केले होते. शब्द दिला तो दिला. स्वयंपाक, शिवण, पाहुणे, माझा स्वभाव सोसणे, सगळी सुवर्णे सुहासिनीची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मृत्यूने पदक रद्द होत नाही, पण मृताला घर देता येत नाही. उरले दोघे. नलिनी शाळेत शिकवते, लग्न केले नाही, माझ्यापाशीच राहते. प्रत्येक प्रकारात ती आईच्या मागे दुसरी. आई गेल्यावर त्या प्रकारांत ती एकटीच उरली, आणि एकट्याची स्पर्धा धरत नाहीत. तिची रौप्ये खिडकीला टांगली आहेत, वाऱ्याने वाजतात. मुलगा नंदकिशोर, बिऱ्हाड मुलुंडला, एकूण पदके एक. पण ते सुवर्ण. म्हणजे घर नंदकिशोरचे.

३. ते सुवर्ण वजन उचलण्याचे. गेल्या उन्हाळ्यात बांबूच्या उडीची उंची ठरवण्यासाठी मी शेवग्यावर चढलो. शेवग्याची फांदी ठिसूळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाय मोडला. घरात, दारात, दवाखान्यात मला पाठुंगळी नेले ते नंदकिशोरने. नलिनीनेही नियमाप्रमाणे तीन प्रयत्न केले. तिसऱ्यात तिची कंबर धरली. रौप्य.

४. दिवाळीनंतर नंदकिशोर साकीनाक्याच्या एका कारखानदाराला घेऊन आला आणि मी पलंगावर असताना खोल्यांची मापे घेऊ लागला. "अण्णा, जरा पाय आवरा, टेप जात नाही." मी जिवंत आहे याचा अर्थ बंदूक अजून वाजलेली नाही. याला चुकीची सुरुवात म्हणतात. पहिली माफ असते, ताकीद देऊन मी माफ केली. पण घर विकले जाणार आणि नलूच्या खाटेच्या जागी लेथ मशीन बसणार, हे कळून चुकले. एकट्या बाईला खोली कोण देतो? मी तिला म्हणालो, "अगं, भांड तरी!" ती म्हणाली, "नियम तुमचाच ना? मग राहू दे."

५. माझा रेडिओ पाय मोडल्यापासून दुरुस्तीला गेला होता. नलूने तसे सांगितले होते. त्यापायी मेलबर्नचे ऑलिंपिक मी घरात बसून ऐकू शकलो नाही, हे दुःख मी सरणावर नेईन. संक्रांतीला सून सुनंदा तिळगूळ देता देता म्हणाली, "आमच्या रेडिओवर मेलबर्न काय झकास ऐकू आलं हो!" आमच्या? मग सगळे बाहेर आले. नंदकिशोर नलूला म्हणाला होता, "मी उचलतो त्यांना, पण रेडिओ माझा." आणि हिने मुकाट्याने दिला.

आता ऑलिंपिकचा सर्वांत कडक नियम ऐका. खेळाडू हौशी असला पाहिजे. खेळण्याबद्दल मोबदला घेतला की तो धंदेवाईक झाला. पदक काढून घेतात आणि मागच्याला वर चढवतात. म्हणजे नलूचे रौप्य सुवर्ण होणार! मी एका पायावर नाचलो. मग आठवले, तक्रार खेळाडूने किंवा एखाद्या पथकाच्या प्रमुखाने करावी लागते. पंचाला ती करता येत नाही. नलू म्हणाली, "भावाविरुद्ध मी लिहिणार नाही. रेडिओ मीच दिला." झाली पंचाईत.

६. पथकप्रमुख एकच उरला होता, समोरचा गुणाजी सावंत. मूळ मालवणकडचा, गिरणीतून निवृत्त. सन १९५३ साली आम्ही अंधेरीचे आंतरराष्ट्रीय खेळ भरवले. चिठ्ठ्या टाकून देश वाटले. आमची आळी स्वीडन, गुणाजीची फिनलंड, वर्सोव्याचे कोळी जपान. जोगेश्वरीच्या लेण्यांपासून चालण्याची शर्यत होती. चालताना एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. गुणाजी पहिला आला, पण वळणावर त्याचे दोन्ही पाय अधांतरी मी डोळ्यांनी पाहिले. बाद केले. त्याने लेखी तक्रार करायची सोडून वहाण फेकून मारली. ती माझ्या कपाटात पुरावा म्हणून आहे. तेव्हापासून बोलणे बंद.

बंद म्हणजे बंद. मात्र मेलबर्नच्या दिवसांत त्याने आपला रेडिओ खिडकीत आमच्या पडवीकडे तोंड करून ठेवला आणि स्वतः पाठ करून बसला. हॉकीच्या अंतिम सामन्यात आपला गोल झाला तेव्हा दोघेही ओरडलो आणि लगेच दोघांनीही खोकल्याचे सोंग केले.

तर मी काठी टेकत त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "नलूचं घर जातंय रे. फिनलंडतर्फे तक्रार लिही."

"लिवतंय. पण आधी माझा सुवर्ण दी."

"दोन्ही पाय सुटले होते, गुणाजी."

"तुका दिसत नाय तर चष्मो बदल, मेल्या!"

नलूसाठी मी प्राण दिला असता. पण घराच्या बदल्यात निकाल फिरवला तर मीही नंदकिशोरच. तेव्हा फेरशर्यत ठरली. गेल्या रविवारी गुणाजी त्याच्या दारापासून आमच्या दारापर्यंत, गल्लीचा वळसा घेऊन चालला. मी मागून वाकून त्याच्या टाचा पाहत होतो. नलूने आमच्या दाराशी सुहासिनीच्या जुन्या पातळाचा काठ धरला होता. गुणाजीचे गुडघे आता पार गेले आहेत. दोन्ही पाय सुटणे सोडाच, एक उचलायलाही त्याला रवळनाथाचे नाव घ्यावे लागते. पावलागणिक "रे देवा" म्हणत तो आला आणि काठ छातीने तोडला. इतके निर्दोष चालणे मी दिल्लीलाही पाहिले नव्हते. मी निकाल दिला, सुवर्ण. तो रडला. मीही रडलो, पंचाने रडू नये असा नियम माझ्या पाहण्यात नाही.

त्याने लागलीच तक्रार लिहिली. मी ती मान्य केली.

७. सबब नंदकिशोरचे सुवर्ण काढून घेतले आहे. घर, पडवी, अंगण व शेवगा माझ्या पश्चात नलिनीचे, विक्री-वहिवाटीच्या पूर्ण हक्कांसह. रेडिओ नंदकिशोरकडेच राहू द्यावा, शिवाय माझी छत्री व शिट्टी त्याला द्यावी. पोरगा वाईट नाही, घाई आहे त्याला. पुन्हा टेप घेऊन आला तर मात्र ती दुसरी चुकीची सुरुवात, मग शिट्टीही नाही. नलू, तुझ्या मागून कोणी येत नाही आता, जरा बस गं. व्यवस्था पाहण्याचे काम माझा पाय बसवणारे डॉ. श्यामकांत प्रधान यांनी करावे.

८. गुणाजीचे पदक व वहाण आज सही करण्यापूर्वीच त्याच्या हाती दिली आहेत. त्यामुळे या मृत्युपत्राने त्याला काही मिळत नाही व तो साक्षीस पात्र आहे.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून दोघांसमक्ष सही केली.

मुक्काम गुंदवली, अंधेरी. रविवार, ९ जून १९५७.

सही: विद्याधर सदाशिव कारेकर, पंच

साक्षीदार:

१. डॉ. श्यामकांत प्रधान. विद्याधरराव शुद्धीत आहेत. नेहमी असतात तितके.

२. गुणाजी राघो सावंत, सुवर्णपदक, चालणे. माझ्यो दोनय वहाणो आता माझ्याकडे आसत. नलूच्या दारात कोण टेप घेवन इलो, तर खयची फेकूची ता मी ठरवतलंय.