नूरोआचे घर आणि माझी जागा

मी, आकाइती, दिवंगत तिमोतीची बायको, वय वर्षे शहाऐंशी, राहणार आमुरी गाव, ऐतुताकी बेट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मला माझ्या सतरा नातवंडांचे वाढदिवस विचारावेत, आणि मग स्वतःच्या बायकोचा तरी आठवतो का ते बघावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आले होते, त्यांना मी जेवू घालून परत पाठवले. याआधी कोणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते रद्द समजावे. पाहुणा निघताना माणूस काहीही बोलतो.

१. घर आणि जमीन. जमीन माझ्या वडिलांकडून आली, पण ती एकट्या माझी नाही, आमच्या सगळ्या वंशाची आहे. ती मला कोणाला लिहून देता येत नाही, आणि जमिनीवर ज्याचा हक्क त्याचेच घर. माझी पोटची चार मुले रक्ताने हक्कदार आहेत. नूरोआ नाही, कारण ती माझी पोसलेली मुलगी. तिला इथे कायम राहू द्यायचे तर चौघांच्या सह्या लागतात. तीन मिळाल्या आहेत. थोरल्याची, पापातुआची, मिळालेली नाही.

यात चूक माझी आहे, ती मी कबूल करते. नूरोआ काही अनाथ नव्हती. माझ्या मावसबहिणीला सहावे होणार होते, तेव्हा मी जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटले, "हे माझं."

ती म्हणाली, "मुलगी झाली तरी?"

"मुलगीच कर," मी म्हटले.

दीड महिन्याची झाल्यावर मी तिला टोपलीत निजवून घरी आणली. आमच्याकडे अशी मुले घरोघरी आहेत. जिला आपण भरवले ती आपली, त्याला कागद कशाला, असे मला वाटले. पापातुआ तेव्हा बारा वर्षांचा होता, तिला पाठुंगळी घेऊन गावभर हिंडायचा. ऑकलंडला जाण्याआधी त्याला सही मागितली असती तर त्याने हसत केली असती. मी मागितली नाही. आता त्याला अंगणात प्रवाशांसाठी सहा खोल्या बांधायच्या आहेत. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "आई, नूरोआसाठी धक्क्याजवळ एखादी खोली बघू. एकटीच तर आहे ती."

"एकटी? मग मी काय कोंबडी आहे?"

"तुझ्यानंतरचं म्हणतोय गं!"

"माझ्यानंतरचं माझ्यानंतर बोल," म्हणून मी फोन ठेवला. पण मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

२. कात्री. ही नूरोआला. मी एकोणीस वर्षांची असताना खाडीच्या पाण्यावर विमाने उतरायची आणि आम्ही पोरी उतारूंच्या गळ्यात हार घालायचो. एका बाईला माझा हार इतका आवडला की तिने पिशवीतून ही कात्री काढून माझ्या हातात ठेवली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. त्या कात्रीने मी शंभरावर गोधड्यांची नक्षी कापली. कापड आठपदरी दुमडायचे, आखायचे काही नाही, आणि एका दमात कापायचे. असे हात बेटावर चारच बायकांचे होते. पाचवे नूरोआचे आहेत, पण ती लाजते. तिने यापुढे लाजू नये, ही माझी अट.

३. गोधड्या. पेटीत नऊ आहेत. आठ कोणाच्या हे प्रत्येकीला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिले आहे. नववी, जांभळ्या फुलांची, तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. भांडण नको म्हणून ती मी माझ्याबरोबर जमिनीत नेत आहे.

४. स्कूटर. आमच्या चर्चच्या पाळकांना. ब्रेक नीट लागत नाहीत, पण त्यांची देवावर श्रद्धा आहे.

५. डुकरीण आणि अळकुड्यांचा वाफा. डुकरीण माझ्या अंत्यविधीच्या जेवणात संपेल. अळकुड्या नूरोआने लावल्या, त्या तिच्याच. त्या माझ्या होत्या असे कोणी म्हणू नये.

६. तापाएरू. माझी नणंद तापाएरू हिला मी काहीही देत नाही. १९७४ साली तिने माझी नीरफणसाच्या पानांची नक्षी चर्चच्या प्रदर्शनात स्वतःची म्हणून मांडली आणि वर बक्षीसही घेतले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकीलबाईंनी सांगितल्याबरोबर मी तापाएरूला साक्षीला बोलावले. ती खूश झाली. मात्र तिच्याइतके बारीक टाके दुसऱ्या कोणाचे नाहीत, आणि ज्या मंगळवारी ती शिवायला येत नाही तो दिवस मला खायला उठतो, हेही इथे नोंदवते.

७. माझी जागा. तिमोती तौतू गावी, त्याच्या घरच्यांच्या अंगणात आहे. त्याच्या शेजारी माझी जागा बावीस वर्षांपूर्वीच बांधून ठेवली आहे. वर पत्रा आहे, माझे नाव कोरले आहे, फक्त तारीख बाकी आहे. मला तिथे जायची फार इच्छा होती. तो घोरायचा, तरी मला त्याच्या शेजारीच झोप लागायची.

पण मला तिथे पुरू नये. मला इथे आमुरीला, याच अंगणात, दारापासून सहा पावलांवर पुरावे. जमीन मला देता येत नाही, पण माझा देह कुठे ठेवायचा हे मला सांगता येते. घरच्या माणसाच्या थडग्यावर आमच्यात कोणी भिंत उभी करत नाही, आणि थडग्याजवळचे घर रिकामे ठेवत नाही. रोज झाडायला, फुले बदलायला माणूस लागते. ते काम मी नूरोआला देत आहे, ती जिवंत असेपर्यंत. तिला हे अजून माहीत नाही. "माझं नाव कशात घालू नकोस, दादा चिडेल," एवढेच ती म्हणत असते.

तापाएरूला हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती रडायला लागली. "वहिनी, मग माझा भाऊ तिथे एकटाच का?"

मी म्हटले, "बावीस वर्षं आहेच की. मी समजावीन त्याला. माझं ऐकतो तो."

मी सुखाने जगले. पोटभर खाल्ले, खूप हसले, माझ्या हाताखाली पाच मुले वाढली. मोजताना कधी चार म्हटले नाही.

पापातुआ, तुझ्यावर माझा राग नाही. तू माझे पहिले मूल. लांब राहिले की माणसाला आपलेच अंगण मोकळे दिसू लागते. माझा खड्डा पैसे देऊन खणून घेऊ नकोस. तू खण. नूरोआ पाणी घेऊन शेजारी उभी राहील. खणून झाले की हात धू आणि वाटले तर तिच्या कागदावर सही कर. नाही केलीस तरी मी तिथे आहेच.

सही: आकाइती

साक्षीदार:
१. तापाएरू, नणंद, राहणार तौतू (हे सर्व वाचले, १९७४ चे मान्य नाही)
२. मोएताउआ, दवाखान्यातील नर्स, राहणार आमुरी

ठिकाण: आमुरी, ऐतुताकी
दिनांक: मंगळवार, १५ ऑक्टोबर २०१९