आचलची भरलेली बाटली

बुधवार, ऑक्टोबर. संध्याकाळ.

ती निळी बाटली डोळ्यांसमोरून हलत नाही.

मागच्या वर्षी माझ्या खो-खोच्या संघात सगळ्यांत चपळ आचलच होती. यंदा नववीत गेली आणि पीटीच्या तासाला कडुनिंबाखाली बसायला लागली. विचारलं की एकच उत्तर, पोट दुखते. मला वाटलं, आळस. आज हात धरून उठवलं, पळायला लावलं. थोड्याच वेळात खांबाजवळ कोसळली. ओठ सुकलेले. दप्तरातून बाटली काढली, तर काठोकाठ भरलेली. दुपार झालेली, हे नागपूरचं ऊन, आणि पोरीनं सकाळपासून एक घोट घेतला नव्हता!

मी तडकलेच. "पाणी काहून नाही पेली वं?"

"पेलं का मंग जा लागते, मॅडम. पोरींच्या संडासाले कडीच नाही. पोट्टे दार ढकलतेत. मागच्या वर्षी माही मैत्रीण प्राची दार धरून राहे, तिनं आता शाळा सोडली." मग खाली बघत म्हणाली, "आमी कोनीच नाही पेत."

कोणीच नाही. म्हणजे झाडाखाली बसणाऱ्या त्या सगळ्या? मी त्यांना किती बोलले असेन.

तिला घरी पोचवून आले. समोर पाण्याचा पेला आहे, उचलवत नाही. आमच्या स्टाफच्या संडासाला चांगलं कुलूप आहे. त्याची एक किल्ली माझ्या शिट्टीच्या दोरीलाच बांधलेली असते. शिट्टी वाजवायला उचलली की ती खणखणते. मला सवयीनं ऐकू येत नाही.

पोरींना रोज ऐकू येत असेल.